फँटसी बेसबॉल: दोन स्टार्टिंग पिचरांपैकी एक निवडताना

अमेरिकेत नोकरीसाठी आलेल्या, किंवा पुण्यात बसून अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर काम करणाऱ्या अनेकांना मार्च उजाडला की ऑफिसच्या फँटसी बेसबॉल लीगचे आमंत्रण येते. या खेळात प्रत्येक जण खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडतो आणि प्रत्यक्ष सामन्यांतल्या त्यांच्या आकड्यांवरून त्याला गुण मिळतात. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला बॅटर निवडणे फारसे जड जात नाही. खरे अडते ते पिचरांपाशी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांपाशी. संघात जागा एकच उरलेली असते, समोर दोन स्टार्टिंग पिचर (सामन्याच्या सुरुवातीपासून टाकणारे) असतात, दोघांचेही आकडे चांगले दिसतात, आणि कोणाला घ्यावे ते उमगत नाही. सनीव्हेलच्या आमच्या बारा संघांच्या लीगमध्ये पहिली दोन वर्षे मी हा निर्णय केवळ ईआरए (पिचरने दिलेल्या धावांची सरासरी) पाहून घेत असे आणि दोन्ही वर्षे पिचिंगच्या गुणांत तळाशी राहिलो. नंतर हळूहळू लक्षात आले की ‘या दोघांत श्रेष्ठ कोण’ हा प्रश्नच चुकीचा आहे. माझ्या लीगच्या नियमांनुसार, या आठवड्यात, माझ्या संघाला कोणाचा उपयोग अधिक, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ज्या क्रमाने शोधावे तो क्रम पुढे देत आहे.

हाताशी काय असावे

आपल्या लीगचे गुणांकनाचे पान, दोन्ही पिचरांच्या संघांचे पुढच्या आठ-दहा दिवसांचे वेळापत्रक आणि मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, संकेतस्थळावरील संभाव्य पिचरांची यादी, एवढे तर हवेच. आकड्यांसाठी फॅनग्राफ्स आणि बेसबॉल सॅव्हंट ही दोन संकेतस्थळे पुरेशी आहेत. याखेरीज हवामानाचा अंदाज आणि एक साधी वही. वही यासाठी की निर्णय घेताना कोणते कारण मनात होते हे लिहून ठेवले नाही, तर महिन्याभराने आपली चूक कुठे झाली हे आपल्यालाच आठवत नाही.

१. आधी लीगचे गुणांकन वाचा

लीगचे प्रमुख प्रकार दोन. पहिल्यात बॅटिंगच्या पाच आणि पिचिंगच्या पाच प्रकारांत तुलना होते. पिचरांसाठी ते प्रकार बहुधा विन (पिचरच्या नावावर लागलेला विजय), सेव्ह (अखेरीस येऊन आघाडी राखणे), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणे), ईआरए आणि व्हिप असे असतात. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे (एका इनिंगमध्ये प्रत्येक संघाचे तीन जण बाद होतात आणि सामना नऊ इनिंगचा असतो) दिलेल्या अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे आलेल्या धावा वगळून उरलेल्या धावा. व्हिप म्हणजे एका इनिंगमागे दिलेले हिट (फटका मारून बॅटरने बेस गाठणे) आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे बॅटरला मिळालेला पहिला बेस). दुसऱ्या प्रकारच्या लीगमध्ये प्रत्येक घटनेला ठरावीक गुण असतात आणि आठवड्याअखेर बेरीज होते. एकच पिचर पहिल्या प्रकारात मौल्यवान आणि दुसऱ्यात साधारण ठरू शकतो, म्हणून हे पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. विनऐवजी क्वालिटी स्टार्ट मोजली जाते का, हेही पाहा. किमान सहा इनिंग टाकून तीन किंवा त्याहून कमी अर्न्ड रन दिल्या तर ती क्वालिटी स्टार्ट होते.

विनच्या आकड्यावर विसंबू नका, हे येथेच सांगून ठेवतो. स्टार्टरला विन मिळण्यासाठी त्याने किमान पाच इनिंग टाकलेल्या असाव्या लागतात, तो मैदान सोडतो तेव्हा त्याचा संघ आघाडीवर असावा लागतो, आणि ती आघाडी त्याच्यानंतर येणाऱ्या रिलीव्हरांनी अखेरपर्यंत टिकवावी लागते. यातला बराच भाग त्याच्या हातात नसतो. जेकब डिग्रॉम याने २०१८ मध्ये १.७० इतका असामान्य ईआरए राखला आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळवला, तरी त्याची नोंद १० विजय आणि ९ पराभव अशी होती. २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सने १.९७ ईआरएसह तोच पुरस्कार मिळवला आणि त्याची नोंद १०–१० राहिली. दोन पिचर सर्व बाबतींत सारखे असतील तरच ज्याचा संघ अधिक धावा करतो त्याला झुकते माप द्यावे, त्याआधी नाही.

२. ईआरएच्या आत डोकावून पाहा

नवखा माणूस सर्वात जास्त चुकतो तो इथेच, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा. २०२३ च्या हंगामातली एक खरी जोडी उदाहरणादाखल घेऊ: सॅन डिएगोचा डावखुरा ब्लेक स्नेल आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उजव्या हाताने टाकणारा लोगन वेब. त्या वर्षी नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) साय यंग पुरस्काराच्या मतदानात स्नेल पहिला आला आणि वेब दुसरा.

स्नेलने १८० इनिंगमध्ये २३४ स्ट्राइकआउट घेतले आणि २.२५ ईआरए राखला. वेबने २१६ इनिंगमध्ये १९४ स्ट्राइकआउट घेतले आणि त्याचा ईआरए ३.२५ होता. एवढेच पाहिले तर पूर्ण एका धावेचा फरक दिसतो आणि निर्णय सोपा वाटतो. आता वॉक पाहा. स्नेलने ९९ वॉक दिले, आणि मेजर लीगमध्ये त्या वर्षी त्याच्याइतके वॉक दुसऱ्या कोणीही दिले नाहीत. वेबने दिले ३१. त्यामुळे स्नेलचा व्हिप १.१९ झाला, तर वेबचा १.०७. म्हणजे स्नेलसमोर बॅटर बेसवर अधिक येत होते, पण तिथून घरी पोहोचत नव्हते, म्हणजे धाव होत नव्हती.

ते का पोहोचत नव्हते, याची उत्तरे दोन आकड्यांत मिळतात. बेसवर आलेल्यांपैकी किती जण तिथेच अडकून राहिले याचे प्रमाण मेजर लीगमध्ये साधारण ७२ टक्क्यांच्या आसपास असते. स्नेलच्या बाबतीत ते सुमारे ८७ टक्के होते. दुसरा आकडा बॅबिपचा. होमरन (थेट कुंपणापार गेलेला फटका) वगळता खेळात आलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरले, हे तो सांगतो. त्याची सरासरी ०.३०० च्या जवळपास असते आणि स्नेलचा होता ०.२५६. काही पिचरांमध्ये हे आकडे सरासरीहून थोडे चांगले ठेवण्याचे कसब असते, आणि अडचणीत सापडल्यावर स्ट्राइकआउट घेण्याची स्नेलची क्षमता खरीच आहे. तरीही इतका मोठा फरक वर्षानुवर्षे टिकेल असे गृहीत धरणे जोखमीचे असते.

चेंडू बॅटला लागून मैदानात गेला की पुढे काय होईल यावर पिचरचे नियंत्रण आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असते, हा विचार व्होरॉस मॅक्रॅकन यांनी २००१ मध्ये मांडला आणि त्यानंतर पिचरांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. त्याच विचारातून पुढे एफआयपी हे माप आले. ते फक्त स्ट्राइकआउट, वॉक, अंगाला लागलेले चेंडू आणि होमरन यांवर आधारलेले असते आणि ईआरएच्याच मोजपट्टीवर वाचता येते. २०२३ मध्ये स्नेलचा एफआयपी ३.४४ होता आणि वेबचा ३.१६. म्हणजे क्रम उलटा झाला. स्ट्राइकआउटच्या टक्केवारीतून वॉकची टक्केवारी वजा केली तर स्नेलचे उत्तर सुमारे १८ येते आणि वेबचे सुमारे १९. माझ्याकडे एकच आकडा पाहण्याइतका वेळ असेल, तर मी ही वजाबाकी पाहतो, कारण ती लवकर स्थिर होते आणि नशिबाचा भाग तिच्यात कमी असतो.

हीच जोडी गुणांच्या लीगमध्ये कशी दिसते ते पाहू. आमच्या लीगमध्ये प्रत्येक इनिंगला ३ आणि स्ट्राइकआउटला १ गुण मिळतो, अर्न्ड रनला २ आणि हिट व वॉकला प्रत्येकी १ गुण वजा होतो. स्नेलने ११५ हिट आणि ४५ अर्न्ड रन दिल्या होत्या, वेबने २०१ हिट आणि ७८ अर्न्ड रन. हिशेब मांडला की विन-पराभव सोडून स्नेलचे गुण ४७० होतात आणि वेबचे ४५४. पूर्ण हंगामात अवघ्या १६ गुणांचा फरक, आणि तोही स्नेलचे नशीब जोरावर असलेल्या वर्षी! म्हणूनच गुणांच्या लीगमध्ये पुढच्या वर्षासाठी मी वेबकडे झुकलो असतो. पाच प्रकारांच्या लीगमध्ये मात्र, संघाच्या व्हिपला आधार देणारे इतर पिचर हाताशी असतील तर, स्नेलचे ४० जादा स्ट्राइकआउट दुर्लक्षिण्याजोगे नव्हते.

पुढच्या वर्षी काय झाले हेही सांगायला हवे. २०२४ मध्ये स्नेल सॅन फ्रान्सिस्कोकडेच आला. करार हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर झाल्याने त्याचा सराव अपुरा राहिला, दोनदा दुखापत झाली, आणि पहिल्या सहा स्टार्टमध्ये (त्याने सुरुवात केलेल्या सामन्यांत) त्याचा ईआरए ९.५१ होता. या आकड्याला घाबरून अनेकांनी त्याला सोडून दिले. जुलैमध्ये परतल्यावर उरलेल्या चौदा स्टार्टमध्ये त्याचा ईआरए १.२३ राहिला आणि २ ऑगस्टला सिनसिनाटीविरुद्ध त्याने एकही हिट न देता पूर्ण सामना टाकला. आदल्या वर्षीच्या २.२५ वर ज्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला आणि जूनच्या सुरुवातीच्या ९.५१ वर ज्यांनी तसाच विश्वास ठेवला, त्या दोघांची चूक एकच होती.

एक बारीक सापळा: इनिंगच्या आकड्यात दशांश चिन्हानंतरचा अंक तृतीयांश दाखवतो. ५.१ म्हणजे पाच इनिंग आणि एक बाद, ५.२ म्हणजे पाच इनिंग आणि दोन बाद. स्वतः हिशेब करताना ५.२ ऐवजी ५.६७ धरावे, नाहीतर ईआरए चुकतो.

३. एका स्टार्टमध्ये किती इनिंग मिळतात

२०२३ मध्ये वेबने एका स्टार्टमध्ये सरासरी साडेसहा इनिंग टाकल्या आणि स्नेलने साडेपाचहून थोड्या अधिक. आजकाल स्टार्टर सरासरी पाच इनिंगच्या थोडेच पुढे जातात. एकच पिचर बॅटरांसमोर तिसऱ्या फेरीत आला की बॅटर त्याला अधिक चांगले ओळखू लागतात, म्हणून प्रशिक्षक त्याआधीच त्याला काढून घेतात. क्वालिटी स्टार्ट मोजणाऱ्या लीगमध्ये सहाव्या इनिंगपर्यंत न पोहोचणारा पिचर कितीही तेजस्वी असला तरी अर्धा निकामी असतो. मागच्या पाच स्टार्टमध्ये त्याने किती पिच, म्हणजे चेंडू, टाकल्या हे पाहा. ९० ते १०० च्या घरात असतील तर संघाचा त्याच्यावर भरवसा आहे. सतत ७५ च्या आसपास असतील तर त्याला जपून वापरले जात आहे. दुखापतीतून परतलेले आणि पहिल्याच वर्षात खेळणारे पिचर बहुधा याच गटात मोडतात.

४. मैदान आणि समोरचा संघ

क्रिकेटमध्ये खेळपट्टी पाहतो तसे बेसबॉलमध्ये मैदान पाहावे. डेन्व्हरचे कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंचीवर आहे. तिथली हवा विरळ असल्याने कर्व्हसारख्या वळणाऱ्या पिच कमी वळतात आणि उंच मारलेला चेंडू दूर जातो. होमरन कमी व्हावेत म्हणून तिथे २००२ पासून चेंडू दमट खोलीत ठेवले जातात, तरीही ते पिचरांसाठी सर्वात कठीण मैदान राहिले आहे. सिनसिनाटीचे मैदानही होमरनसाठी उदार आहे. याउलट सिअ‍ॅटलचे टी-मोबाइल पार्क आणि सॅन फ्रान्सिस्कोचे ओरॅकल पार्क पिचरांना साथ देतात. ओरॅकल पार्कमध्ये मी जुलैच्या संध्याकाळी जॅकेट घालून बसलो आहे. उजव्या कोपऱ्यात, कुंपण जेमतेम ३०९ फुटांवर असलेल्या जागी, सुटलाच वाटणारा चेंडू २४ फूट उंच विटांच्या भिंतीवर आपटून परत येताना पाहिला, आणि घरच्या मैदानाचा फरक त्या एका फटक्यात जितका समजला तितका कोणत्याही तक्त्यातून समजला नव्हता.

समोरच्या संघाबाबत त्याचे विजय मोजू नका. तो संघ डावखुऱ्या आणि उजव्या पिचरांविरुद्ध किती स्ट्राइकआउट होतो आणि किती वॉक घेतो, हे वेगवेगळे पाहा. उजव्या पिचरांना झोडपणारा संघ डावखुऱ्यासमोर अगदी सामान्य ठरतो, असे नेहमी घडते. जमिनीलगत चेंडू मारायला लावणाऱ्या पिचरसाठी त्याच्या स्वतःच्या संघाचे इनफिल्ड (बेसजवळच्या खेळाडूंचे) क्षेत्ररक्षणही महत्त्वाचे असते. वेबच्या बाबतीत २०२३ मध्ये खेळात आलेल्या चेंडूंपैकी ६० टक्क्यांहून अधिक जमिनीवरून गेले होते.

५. आठवड्याचे वेळापत्रक

बहुतेक संघ पाच पिचरांना आळीपाळीने उतरवतात, म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी टाकणाऱ्याला त्याच आठवड्यात रविवारपर्यंत दुसरी स्टार्ट मिळण्याची शक्यता असते. गुणांच्या लीगमध्ये दोन स्टार्टचा साधारण पिचर एका स्टार्टच्या उत्तम पिचरला अनेकदा मागे टाकतो. पण ईआरए आणि व्हिप मोजणाऱ्या लीगमध्ये दोन स्टार्ट म्हणजे नुकसानाच्याही दोन संधी. त्यांपैकी एक डेन्व्हरमध्ये असेल तर मी ती घेत नाही. काही संघ सहा जणांची फेरी चालवतात. जपानमधून आलेल्या पिचरांना आठवड्यातून एकदा टाकण्याची सवय असते, म्हणून लॉस एंजेलिस डॉजर्स त्यांना बहुधा अधिक विश्रांती देतात. अशा पिचरांच्या दोन स्टार्ट गृहीत धरू नयेत.

तिसऱ्या वर्षी एका मे महिन्यात, दोन स्टार्ट मिळणार म्हणून मी एका मध्यम दर्जाच्या पिचरला घेतले आणि त्याच्यापेक्षा खूप चांगल्या पिचरला बाकावर बसवले. आमच्या लीगमध्ये संघ सोमवारी आठवड्यासाठी बंद होतो, म्हणजे नंतर त्यात बदल करता येत नाही. सोमवारी संध्याकाळी पावसाने सामना पुढे ढकलला गेला, पिचर मंगळवारी गेला, आणि रविवारची स्टार्ट पुढच्या सोमवारवर सरकली. बाकावरच्या पिचरने त्याच आठवड्यात अकरा स्ट्राइकआउट घेतले. पूर्व किनाऱ्यावर वसंत ऋतूत पाऊस नित्याचा असतो, हे मला माहीत होते, पण सोमवारचे हवामान मी पाहिलेच नव्हते. छत असलेल्या मैदानांवर, जसे मिलवॉकी, ह्यूस्टन किंवा टोरांटो, ही काळजी करावी लागत नाही.

६. तब्येत आणि चेंडूचा वेग

बेसबॉल सॅव्हंटवर प्रत्येक पिचरच्या फास्टबॉलचा वेग सामनागणिक पाहता येतो. मेजर लीगमधला सरासरी वेग आता ताशी ९४ मैलांच्या आसपास आहे, पण आपण त्या पिचरची तुलना त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या वेगाशी करावी. सलग दोन-तीन स्टार्टमध्ये वेग दीड मैलाने घसरला असेल आणि त्याच वेळी वॉक वाढले असतील, तर ईआरए अजून सुंदर दिसत असला तरी मी त्या पिचरपासून दूर राहतो. ज्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी नवा बसवण्याची) झाली आहे, त्याला परतायला साधारण बारा ते अठरा महिने लागतात. ही शस्त्रक्रिया डॉक्टर फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये प्रथम केली आणि आज ती इतकी रुळली आहे की परतलेला पिचर पूर्ववत होईल असे सगळे धरूनच चालतात. वेग बहुधा लवकर परत येतो, अचूकता मात्र उशिरा. म्हणून परतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात व्हिपची किंमत मोजायची तयारी असेल तरच त्याला घ्यावे.

७. आज तुमच्या संघाला काय हवे आहे

समोरासमोरच्या लीगमध्ये, म्हणजे दर आठवड्याला एका प्रतिस्पर्धी संघाशी तुलना होते तिथे, रोज संघ बदलता येत असेल तर रविवारचा निर्णय सर्वात अवघड असतो, कारण तेव्हा चांगला पिचरसुद्धा न उतरवणे योग्य ठरू शकते. समजा तुमच्या संघाच्या आठवड्यात ४० इनिंग झाल्या आहेत आणि १५ अर्न्ड रन गेल्या आहेत, म्हणजे ईआरए ३.३८, प्रतिस्पर्ध्याचा ३.६० आहे आणि त्याचे सर्व पिचर टाकून झाले आहेत. तुमच्या पिचरने सहा इनिंगमध्ये दोन धावा दिल्या तर तुमचा ईआरए ३.३३ होईल, म्हणजे मिळायचे ते आधीच मिळालेले आहे. त्याने पाच इनिंगमध्ये चार धावा दिल्या तर ईआरए ३.८० वर जाईल आणि हातचा प्रकार निसटेल. स्ट्राइकआउटमध्ये तुम्ही आधीच पुढे असाल तर त्याला बाकावर बसवा. आठ स्ट्राइकआउटने मागे असाल आणि विनही बरोबरीत असेल, तर त्याला उतरवा, आणि दोघांपैकी अधिक स्ट्राइकआउट घेणारा उतरवा, त्याचे वॉक जास्त असले तरी. मात्र लीगमध्ये किमान इनिंगची अट आहे का, हे आधी तपासा. ती पूर्ण झाली नाही तर ईआरए आणि व्हिप दोन्ही प्रकार बहुधा आपोआप हरले जातात.

८. संघ बंद होण्याची वेळ

भारतातून खेळणाऱ्यांसाठी हा टप्पा स्वतंत्रपणे लिहितो आहे. नियमित हंगाम मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत चालतो आणि त्या संपूर्ण काळात अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे फरक बदलत नाही. न्यूयॉर्कच्या वेळेत साडेनऊ तास मिळवायचे, सॅन फ्रान्सिस्कोच्या वेळेत साडेबारा. न्यूयॉर्कमधला संध्याकाळी ७.०५ चा सामना पुण्यात दुसऱ्या दिवशी पहाटे ४.३५ ला सुरू होतो, सॅन फ्रान्सिस्कोतला ६.४५ चा सकाळी ७.१५ ला. पूर्व किनाऱ्यावरचे रविवारचे दुपारचे सामने भारतात रविवारी रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास सुरू होतात, म्हणून आठवड्याचा शेवटचा निर्णय झोपण्यापूर्वी घेता येतो. संभाव्य पिचरांची यादी त्या वेळी पुन्हा एकदा उघडून पाहा. शनिवारी रात्री जाहीर केलेला पिचर पाठ आखडल्यामुळे किंवा आदल्या दिवशी सामना लांबल्यामुळे रविवारी बदललेला असू शकतो, आणि रोज बदल करता येणाऱ्या लीगमध्ये सामना सुरू होईपर्यंतच त्याच्या जागी दुसऱ्याला बसवता येते.